सावित्रीवरचे तीन पूल

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीनं. धरमतरमार्गे मोटारीनं जायचं तर मोटारमालक अडवतील अशी शक्यता होती. मग शेकडो प्रतिनिधींसह समुद्रमार्गे, पुढे बाणकोटच्या खाडीतून, ते दासगावच्या धक्क्याला उतरले आणि तिथून पाचेक मैल प्रतिनिधी पायी महाडला गेले. चवदार तळ्याच्या लढ्याचा इतिहास लिहिताना या प्रवासाचा उल्लेख येतो, पण त्यातली एक साधी भौगोलिक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. महाडचं दार तेव्हा खाडीच्या बाजूला होतं. माल, माणूस, बातमी, सगळं भरतीबरोबर आत यायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर जायचं.

हे काही शतकांपासून चालत आलेलं होतं. गांधारपाल्याची लेणी महाडच्या वेशीवर खोदली गेली ती इथून व्यापारी वाट जात होती म्हणूनच. वरंध घाटातून देशावरचा माल खाली उतरायचा, महाडच्या बंदरात गलबतांवर चढायचा. कोकणातल्या जवळपास प्रत्येक जुन्या बाजारपेठेची हीच कथा आहे. चिपळूण, राजापूर, संगमेश्वर ही गावं समुद्रकाठची नाहीत, पण तिथवर खाडी पोचते. रस्ता हा तेव्हा नद्यांना टाळत, उतारांनी लपतछपत जाणारा दुय्यम प्रकार होता. उत्तर-दक्षिण जाणारा सलग रस्ता कोकणात करायचा म्हणजे सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या एकेका नदीला आडवं जायचं. अंबा, कुंडलिका, काळ, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी. आज मुंबई-गोवा महामार्गानं जाणारा माणूस ही नावं पाट्यांवर वाचत जातो, तेव्हाचा माणूस त्यांच्या काठी बसून पाणी ओसरायची वाट पाहायचा.

महाडच्या परिषदेनंतरच्या वर्षी, १९२८ मध्ये, सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल उभा राहिला. रुंदी जेमतेम सहा मीटर. बैलगाड्या, टांगे, अधूनमधून एखादी मोटार, हा हिशोब धरून बांधलेला. त्या काळच्या मानानं ती रुंदी उदारच म्हणायची. दोन बैलगाड्या एकमेकींना घासल्याशिवाय जात होत्या, आणि त्याहून रुंद काही कोकणात येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पण आलं. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. समुद्राची वाट किती बेभरवशाची आहे हे कोकणाला कुणी सांगायची गरज नव्हतीच, पण त्या एका सकाळनं ते घराघरात पोचवलं. पुढच्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि बघता बघता एसटी कोकणाच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत गेली. आगबोटी पुढेही बरीच वर्षं चालल्या, तरी चाकरमान्याची नाळ हळूहळू रस्त्याशी जुळली. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्याच्या सुट्टीला, आजीच्या दहाव्याला, सगळ्यालाच एसटी. मग महाडला आणि लोटे-परशुरामला औद्योगिक वसाहती आल्या, रसायनांचे टँकर आले, जांभ्या दगडाचे ट्रक आले, गोव्याच्या लक्झरी गाड्या आल्या. बैलगाडीच्या मापाचा तो पूल हे सगळं झेलत राहिला. तक्रार न करता झेलणाऱ्याची आपल्याकडे जी गत होते, तीच त्याची झाली: कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता नदीबद्दल थोडं बोललं पाहिजे. पुलाच्या गोष्टीत नदीला फक्त पार करायची वस्तू समजण्याची चूक आपण नेहमी करतो.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात पाच नद्यांचे उगम मानले जातात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे जातात. त्यांना बंगालच्या उपसागरापर्यंत पोचायला शेकडो मैलांची सवड आहे. सावित्रीला ती सवड नाही. ती पश्चिमेला, कड्यावरून सरळ खाली पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. महाबळेश्वरची उंची चौदाशे मीटरच्या आसपास, आणि तिथला पाऊस देशात नावाजलेला. म्हणजे वर ढग फुटला की काही तासांत त्याचं पाणी महाडात. महाडच्या परिसरात तिला काळ आणि गांधारी मिळतात, आणि खालून खाडीचं भरतीचं पाणी चढत असतं. वरून पूर आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही. महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदारांना पावसाळ्यात माल वरच्या फळीवर कधी चढवायचा हे पंचांग आणि आभाळ मिळून सांगतं. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. थोडक्यात, हे खोरं सौम्य नाही.

अशा नदीत उभ्या असलेल्या दगडी खांबाशी पाणी काय करतं? प्रवाह खांबावर आदळतो, त्याचा काही भाग खालच्या दिशेनं बुडी मारतो आणि खांबाच्या पायथ्याशी भोवरे करून तळाची वाळू-माती उकरत राहतो. इंजिनिअर मंडळी याला 'स्कॉअर' म्हणतात. जगभरात नदीवरचे पूल पडतात त्यात या उकरण्याचा वाटा फार मोठा आहे. वजनानं मोडून पडणारे पूल त्या मानानं कमी. दगडी कमानीच्या पुलाला तर हा धोका जास्तच. कमान वरचं ओझं दोन्ही बाजूंच्या खांबांवर तिरकं ढकलते, शेजारची कमान उलट बाजूनं रेटते, आणि या रेटारेटीत सगळा पूल तोललेला असतो. कमानी शंभर काय, पाचशे वर्षंही टिकतात. पण एका खांबाचा पाय सुटला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो आणि मग थांबवायला काही उरत नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. हा खड्डा सगळ्यात खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पूर ओसरू लागला की पाण्याबरोबर वाहत आलेला गाळ आणि वाळू त्याच खड्ड्यात बसते आणि तळ पुन्हा सपाट दिसू लागतो. म्हणजे जी जखम ऑगस्टमध्ये पडते, ती मे महिन्यात दिसत नाही. आपल्याकडे पुलांची पाहणी होते ती मान्सूनपूर्व, म्हणजे नेमकी मे महिन्यात. नदी आटलेली असते, साहेब काठावर उभे राहून खांब पाहतात, कमानीत उगवलेली पिंपळाची रोपं दिसली तर काढायला सांगतात, आणि शेरा पडतो. पायाखाली काय चाललं आहे ते कळायला पाण्यात उतरणारे पाणबुडे लागतात, तळाची खोली मोजून ती मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते. आणि त्यासाठी मागच्या वर्षीचा आकडा कुणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

या शतकाच्या सुरुवातीला सावित्रीवर दुसरा पूल झाला. जुन्याला अगदी समांतर, काँक्रीटचा. या गोष्टीचं वळण मला इथे दिसतं, जुना पूल पडला त्या ऑगस्ट २०१६ च्या रात्रीत नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या अरुंद दगडी पुलाशेजारी नवा पूल बांधला जातो, तेव्हा जुन्याचं काय करायचं याचा निर्णय व्हायला हवा असतो. पाडायचा, की पादचारी आणि सायकलींपुरता ठेवायचा, की पाया मजबूत करून वापरायचा? आपण यातलं काही केलं नाही. नवा पूल मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्यांना दिला आणि जुन्याला गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्यांसाठी कामावर ठेवलं. निवृत्त झालेल्या कारकुनाला मुदतवाढ देत राहावं तसं. कागदावर रस्ता दुपदरी झाला, कोंडी सुटली, सगळे खूश. ज्या पुलानं जुन्याची जागा घ्यायची तो त्याचा जोडीदार झाला, आणि बदलण्याचा प्रश्न आणखी पंधरा वर्षं पुढे गेला. ही युक्ती केवळ सावित्रीवर वापरली गेली असंही नाही. महाराष्ट्रात कुठल्याही नदीवर जोडपूल दिसला की पाहावं, एक पूल आजोबांच्या वयाचा असतो आणि अर्धी वाहतूक त्याच्या अंगावर असते.

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. दीप अमावास्या. घरोघरी दिवे उजळून झाले होते, दुसऱ्या दिवशी श्रावण सुरू व्हायचा होता. महाबळेश्वर आणि पोलादपूरच्या डोंगरांत दिवसभर धो धो पाऊस चालू होता आणि सावित्री फुगली होती. अमावास्येचं उधाण होतं. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास येते, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी गाड्या रात्रीच्या वेळी महाडच्या जवळ येत होत्या. चालक-वाहक धरून दोन्हींत मिळून बावीस माणसं असल्याचं महामंडळानं नंतर सांगितलं. त्यांच्याबरोबर एक टॅव्हेरा गाडीही होती. सगळे मुंबईकडे जाणारे, म्हणून सगळे जुन्या पुलाच्या वाटेवर.

मध्यरात्रीच्या सुमारास पुलाचा मोठा भाग गेला. काळोख, पाऊस, आणि खाली पाण्याचा आवाज एवढा की दगड पडल्याचा आवाज वेगळा कळावा तरी कसा? पुलालगत राहणाऱ्या एका गॅरेजवाल्याच्या लक्षात आलं की गाडीचे दिवे पुलावर जाताहेत आणि पलीकडे निघत नाहीत. त्यानं रस्त्यावर येऊन मागून येणारी वाहनं थांबवली, पोलिसांपर्यंत निरोप पोचवला. त्या रात्री महामार्गाच्या त्या टोकाला यंत्रणा म्हणून जे काही होतं, ते एवढंच. ना अडसर, ना दिवा, ना पाण्याची पातळी सांगणारी काठी. पुरात नदी धोक्याच्या रेषेवर गेली तर पूल बंद करायचा, हा हुकूम द्यायला कुणी बांधलेला नव्हता.

सकाळी उजाडल्यावर लोकांनी पाहिलं ते चित्र पुढे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. डावा-उजवा असे दोन पूल, एक सलग उभा आणि दुसऱ्याच्या मधोमध पाणी.

शोध कित्येक दिवस चालला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल, नौदलाचे पाणबुडे, स्थानिक कोळी आणि पोहणारे, सगळे उतरले. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसेना, ओढ इतकी की बोट एका जागी ठरेना, आणि त्यात सावित्रीत मगरी. शेवटी ३०० किलोचं लोहचुंबक क्रेनला टांगून पाण्यात सोडलं गेलं. आख्ख्या एसटी गाड्या हरवल्या होत्या आणि त्या चुंबकानं चाचपून शोधायची वेळ आली होती. पहिल्या गाडीचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला. माणसं मात्र त्याआधीच नदीनं दूर नेली होती. खाडीच्या मुखापलीकडे, पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत मृतदेह सापडले. काही जण कधीच सापडले नाहीत. जिवंत कुणी परत आलं नाही.

मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं, त्यामुळे गदारोळाला व्यासपीठ तयारच होतं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दुसऱ्याच दिवशी महाडला गेले. महाबळेश्वरच्या पाणलोटात झालेल्या अतिवृष्टीमुळे सावित्रीला आलेल्या पुराचा जोर, हे त्यांनी प्राथमिक कारण सांगितलं. दोन समांतर पुलांपैकी ब्रिटिशकालीन पूल पडला, हेही. मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक असल्याचं तिच्यात आढळलं नव्हतं, असं सरकारकडून सांगण्यात आलं. विरोधकांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करा म्हटलं. न्यायालयीन चौकशीची घोषणा झाली, राज्यातल्या सगळ्या ब्रिटिशकालीन पुलांची तपासणी करायचे आदेश निघाले. बेसुमार वाळूउपशाकडेही बोट दाखवलं गेलं. नदीच्या तळाची वाळू पंपानं ओढली की पात्र खोल होतं आणि खांबाचे पाय उघडे पडतात, त्यामुळे ही शंका अगदीच हवेतली नव्हती.

मे महिन्यातली ती पाहणी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पाहणाऱ्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं असेल. गाळानं भरलेला सपाट तळ पाहून वेगळं काय लिहिणार? दोष आहे तो दिसण्यावर विसंबणाऱ्या पद्धतीचा.

त्या दिवसांत ती सुप्रसिद्ध कथाही गावोगाव फिरत होती. पूल बांधणाऱ्या इंग्रज कंपनीनं लंडनहून पत्र पाठवून कळवलं होतं म्हणे, की पुलाची शंभर वर्षं संपत आली, आता वाहतूक बंद करा. भारतातल्या एकूण एक जुन्या पुलाबद्दल ही कथा सांगितली जाते आणि ते पत्र कधी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, याचं कारण ती आपल्याबद्दल आहे. आपल्या पुलाची काळजी सातासमुद्रापलीकडचं कुणीतरी घेतं यावर आपला विश्वास बसतो, इथल्या उपविभागीय कार्यालयात कुणी घेत असेल यावर बसत नाही.

इंग्रजांनी आपल्या स्वतःच्या पुलाचं काय केलं, हे मात्र सांगण्यासारखं आहे. लंडनचा १८३१ मधला दगडी 'लंडन ब्रिज' स्वतःच्या वजनानं थेम्सच्या तळात खचत होता, साधारण आठ वर्षांना एक इंच. १९२४ मध्ये त्याची पूर्वेची बाजू पश्चिमेपेक्षा तीन-चार इंच खाली गेल्याचं मोजलं गेलं होतं. कुणीतरी मोजत होतं, लिहून ठेवत होतं. १९६७ मध्ये तो काढायचं ठरलं, पुढच्या वर्षी एका अमेरिकन उद्योगपतीनं त्याचे दगड चोवीस लाख साठ हजार डॉलरना विकत घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात नेले, आणि १९७३ मध्ये त्याच जागी नवा पूल राणीच्या हस्ते खुला झाला. मधल्या काळात वाहतूक चालू होती. कोसळण्याआधी पूल विकून पैसे करण्याचा व्यवहारीपणा आपल्याला जमला नाही तरी चालेल. ती इंचांची नोंद तेवढी जमायला हवी होती.

सावित्रीवर आता एकच पूल उरला होता, तो शतकाच्या सुरुवातीचा. तपासणी करून त्यावरून दोन्ही बाजूंची वाहतूक सुरू झाली. महिन्याभरात, ५ सप्टेंबरला, गणपती होते. चाकरमानी गेले, पण त्या पुलावरून जाताना गाडीत बोलणं थांबायचं. बाजूला तुटके खांब दिसत होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी नवा पूल सहा महिन्यांत बांधायचं जाहीर केलं. डिसेंबर २०१६ मध्ये काम सुरू झालं. ५ जून २०१७ ला, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, पूल खुला झाला. बांधायला लागले १६५ दिवस. खर्च ३५ कोटी ७७ लाख रुपये. लांबी २३९ मीटर, रुंदी १६ मीटर, म्हणजे जुन्याच्या अडीचपटीहून अधिक. तीन पदरी, पदपथासह, गंज न धरणाऱ्या पोलादाचा, आणि नदीचं पाणी वाढलं की इशारा देणारी यंत्रणा बसवलेला. उद्घाटनाच्या बातम्यांत विक्रमी वेळेचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. कोकणात पावसाळ्याआधी नदीतलं काम उरकणं म्हणजे काय, हे तिथल्या कुठल्याही गवंड्याला विचारावं.

पण या आकड्यांकडे उलट्या बाजूनंही पाहता येतं. १६५ दिवस आणि छत्तीस कोटींहूनही कमी. म्हणजे तंत्र होतं, पैसा होता, माणसं होती, ठेकेदार होता. १९९० मध्येही असेल, २००१ मध्ये तर नक्कीच होता, कारण तेव्हा शेजारी पूल बांधलाच होता. अडलं होतं ते ठरवण्यावर. त्या महामार्गाचं चौपदरीकरण एकीकडे रखडत होतं आणि चौपदरीकरण व्हायचंच आहे, मग जुन्या पुलावर आता कशाला खर्च करा, हा विचार दुसरीकडे. मोठी योजना येणार आहे या भरवशावर लहान दुरुस्ती टाळली जाते आणि मोठी योजना तर येता येत नाही. सावित्रीच्या आधी, मार्च २०१३ मध्ये, खेडजवळ जगबुडीच्या जुन्या अरुंद पुलावरून गोव्याहून येणारी खासगी बस नदीत कोसळली होती आणि ३७ माणसं गेली होती. त्या अपघातानंतरही सगळे जुने पूल आपापल्या जागी, कामावरच राहिले. सावित्रीनंतरही काही राहिले. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा जोडरस्ता खचला आणि महामार्ग तुटला, तेव्हा शेजारचा नवा पूल पुरा व्हायचा होता.

ब्रिटिशकालीन हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. तो उच्चारला की दोष म्हातारपणाच्या माथी मारता येतो. पणजीला मांडवीवरचा नेहरू पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ ला पडला, अवघ्या सोळा वर्षांचा असताना. काँक्रीटला आतून ताणून धरणाऱ्या पोलादी तारा खाऱ्या हवेनं गंजल्या होत्या. राजधानी आणि उत्तर गोवा यांच्यात पुन्हा फेरीबोटी सुरू झाल्या आणि सहा वर्षं, १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत, माणसं रांगा लावून नदी ओलांडत राहिली. सोळा वर्षांचा पूल पडतो आणि नव्वद वर्षांचे कित्येक दगडी पूल आज धडधाकट आहेत. जन्मसाल पाहून पुलाचं भविष्य सांगता येत नाही. त्याच्या पोटात आणि पायाखाली डोकावावंच लागतं.

सावित्रीनंतर काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रानं देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली, दीड लाखाहून अधिक पुलांचं ठिकाण, वय, प्रकार, प्रकृती एका जागी आणायचं काम हाती घेतलं. राज्यातले कित्येक जुने पूल तपासले गेले, काहींवर जड वाहनांना बंदी आली. हे चांगलंच झालं. पण नोंद झाली की काम झालं असं मानायची सवय आपल्याला आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. तो धोकादायक आहे हे माहीत होतं, तसा फलक होता, आणि त्याच्या जागी नवा पूल मंजूरही झालेला होता. जेमतेम साडेतीन आठवड्यांनी, ९ जुलैला, गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल वाहनांसकट खचला. तो १९८५ मधला. तिथेही नवा पूल मंजूर होता.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या तालुक्यात एखादा जुना पूल असेलच, आणि बहुधा त्याच्या शेजारी एक नवाही असेल. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे. जुन्या पुलाची शेवटची पाहणी कोणत्या महिन्यात झाली, खांबांच्या पायाशी नदीच्या तळाची खोली मोजली का, मोजली असेल तर मागची दहा वर्षांची मापं काय आहेत, आणि पाणी किती चढलं की पूल बंद करायचा व तो हुकूम कुणी द्यायचा, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पावसाळ्याआधी हाती यायचं असेल तर अर्ज एप्रिलमध्येच टाका.